आवणीच्या दिवसांतला वाढदिवस

८ जुलैच्या सुमारास मावळात आवणीची धांदल असते. खाचरांत गुडघाभर चिखल, माणसांच्या पाठीवर इरली आणि लोणावळ्याच्या डोंगरांवर उतरलेले ढग. लेखक गो. नी. दांडेकर, म्हणजेच गोनीदा, यांचा वाढदिवस नेमका या दिवशी येतो. त्यांचा जन्म १९१६चा, विदर्भातल्या परतवाड्याचा. पण ते तळेगाव दाभाड्यात राहिले आणि मावळानं त्यांना आपलं मानलं. तेराव्या वर्षी स्वातंत्र्यलढ्यासाठी घर सोडून निघालेल्या या माणसानं पुढं कादंबऱ्यांबरोबर मुलांसाठीही लिहिलं.

त्यांचा वाढदिवस तसबिरीला हार घालून आटोपणं बरं नव्हे. त्यात चिखल हवा, पाऊस हवा, मुलांचा कल्ला हवा.

अमेरिकेत डॉ. सूस या बाललेखकाचा वाढदिवस २ मार्चला असतो. त्या दिवशी कितीतरी शाळांतली मुलं त्याच्या गोष्टीतल्या मांजरासारखी लाल-पांढऱ्या पट्ट्यांची उंच टोपी घालून वाचायला बसतात. मावळातल्या मुलांना टोपी शोधायला नको, इरलं आहे. बांबूच्या कामट्या आणि पानं आणायची, गावातल्या एखाद्या आजोबांना शाळेत बोलवायचं आणि त्यांच्या हाताखाली छोटी इरली बांधायची. वाकडं झालं तरी चालेल. ते पाठीवर घेऊन पटांगणात एक फेरी मारली, की कुणाचं गळतं ते आपोआप कळतं.

दुसरा खेळ शब्दांचा. ‘पवनाकाठचा धोंडी’ ही गोनीदांची कादंबरी पवन मावळातली, तुंग किल्ल्याच्या परिसरातली. तिथली बोली त्यांनी कान देऊन ऐकली होती. मुलांनी घरून, आजीकडून, एकेक शब्द आणायचा, चिठ्ठीवर लिहायचा आणि दुसऱ्यानं तो न बोलता करून दाखवायचा. चिखलणी सोपी. वळचण करून दाखवा पाहू!

वाचनाशिवाय मात्र हा दिवस पुरा होणार नाही. गोनीदांच्या घरातच त्याची परंपरा आहे. त्यांच्या कन्या वीणा देव आणि जावई विजय देव यांनी १९७५पासून त्यांच्या कादंबऱ्यांचं अभिवाचन केलं. ना नेपथ्य, ना वेशभूषा, नुसता आवाज. वर्गात त्यांच्या ‘माचीवरला बुधा’ या कादंबरीतली दोन पानं घ्यावीत. एकानं बुधा व्हायचं, एकानं त्याचा कुत्रा टिप्या, आणि उरलेल्या सगळ्यांनी पाऊस. आधी बाकावर एक बोट, मग दोन, मग तळहात. चाळीस मुलांचा पाऊस कोसळू लागला, की शेजारचा वर्ग डोकावणारच.

बुधाची माची म्हणजे लोणावळ्याजवळची राजमाची. जुलैत निसरड्या वाटांनी लहान मुलांना तिथं न्यायला नको. खंडाळ्याच्या राजमाची पॉइंटवर, कठड्याच्या अलीकडं उभं राहून समोर पाहिलं तरी पुरे. श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले धुक्यात लपतात, क्षणभर दिसतात, पुन्हा नाहीसे होतात. पैज लावायची: श्रीवर्धन आधी कुणाला दिसतो? ज्याला दिसेल त्याला चिक्कीचा मोठा तुकडा. धुकं हललंच नाही तर चिक्की सगळ्यांत सारखी वाटायची आणि बसमध्ये परतताना बुधाचं पुढचं पान वाचायचं.