पन्नास टक्के आले कोठून?

प्रवेशाचे दिवस आले की कॅन्टीनमध्ये राखीव जागांचा वाद हटकून निघतो, आणि "पन्नासाच्या वर जाता येतच नाही" या वाक्यापाशी येऊन अडतो. हा आकडा घटनेत असेल, असे मला वाटे. मूळ घटनेत तो नव्हता. तो आला आपल्याच राज्यातील एका खटल्यातून.

बेळगाव त्या वेळी म्हैसूर राज्यात होते. १९६२ साली सरकारने वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांत ६८ टक्के जागा राखल्या: मागासांना २८, अधिक मागासांना २२, अनुसूचित जातींना १५, जमातींना ३. बालाजी व इतर अर्जदारांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. निकालपत्र न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकरांचे; जन्म साताऱ्याचा, काही शिक्षण धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात.

मागास कोण, हे ठरविण्याची रीत आम्हा कॉमर्सवाल्यांनी पाहण्याजोगी आहे. हायस्कूलच्या शेवटच्या तीन वर्गांत प्रत्येक जातीची दर हजारी किती मुले, हे मोजले. राज्याची सरासरी ६.९. तिच्या खाली ती जात मागास, तिच्या निम्म्याखाली ती अधिक मागास. पण सरासरी काढली की कोणी ना कोणी तिच्याखाली राहणारच! न्यायालयाने तेच बोट ठेवले. सरासरीच्या पुष्कळ खाली असलेलेच मागास. शिवाय नुसती जात पाहून भागणार नाही, गरिबी, धंदा, राहण्याचे ठिकाणही पाहा. आदेश रद्द झाला. राखीव जागा ढोबळमानाने निम्म्याहून कमी असाव्यात, असेही निकालात आले.

ढोबळमानाने! एवढ्या मोठ्या मर्यादेखाली हिशेबाची एक ओळ नाही. १९९२ च्या मंडल निकालाने ती पक्की केली. २०२२ मध्ये आर्थिक दुर्बलांच्या १० टक्क्यांना मान्यता देताना बहुमताने ती ताणता येते असे मानले. मग इतरांसाठीच ती ताठ का, हे मला अजून उमगलेले नाही.

नव्वद टक्केवाल्या मित्राचा प्रश्न असतो, "माझे काय चुकले?" काहीच चुकले नाही, आणि त्याचे दुःखही खोटे नाही. पण मराठी शाळेतून आलेल्या मला इंग्रजीतले डेबिट-क्रेडिट उमजायला सहा महिने लागले. त्या सहामाहीतल्या माझ्या गुणांवर माझी लायकी ठरविली असती, तर मी ती मानली नसती. माझी अडचण तर नुसती भाषेची होती. ज्याच्या आजोबांना शाळेच्या ओट्यावरही चढू दिले नाही, त्याच्या नातवाचे गुण वाचताना तेवढी सवड मी त्याला का नाकारावी?