मालवाहू गाडीची ठिणगी

मुंबईच्या उपनगरांचा इतिहास सांगावयाचा म्हणजे लोकलच्या स्थानकांपासून आरंभ करावयाचा, अशी आपल्याकडे जणू वहिवाटच पडून गेली आहे. परंतु अंधेरी-बोरिवलीच्या आणि घाटकोपर-मुलुंडच्या वस्त्यांना ज्यांनी वाणसामान, लाद्या, बर्फ, मंडपाचे बांबू आणि बिऱ्हाड बदलणाऱ्या कुटुंबांची कपाटे पोहोचवली, त्या लहान मालवाहू गाड्यांचा मागोवा घेऊ गेल्यास तो कारखान्यांच्या फाटकांपाशी नेऊन सोडतो. १९५८ साली नवलमल फिरोदियांच्या पुढाकाराने बजाज टेंपो कंपनीने जर्मन सहकार्याने तीनचाकी मालवाहू गाडी बनवावयास घेतली ती गोरेगावात. कांदिवलीस महिंद्रांच्या कारखान्यात जीपगाड्या तयार होऊ लागल्या. आणि कुर्ल्यास, त्या वेळच्या आग्रा रोडच्या कडेला, वालचंद हिराचंदांनी स्थापिलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्समधून फियाट बाहेर पडू लागल्या. या तिहींचे आकार निराळे, गिऱ्हाइके निराळी आणि कामेही निराळी. पण तिहींच्या उदरात पेट्रोल होते, आणि ते पेटविण्याचे काम अंगठ्याएवढ्या एका चिनी मातीच्या नळीकडे, म्हणजे प्लगकडे, सोपविलेले होते.

या प्लगच्या दुखण्याचे स्वरूप गेल्या साठ-पासष्ट वर्षांत मुळापासून पालटले आहे. पूर्वी प्लग मळत असे. आता तो झिजतो. मळलेली वस्तू माणूस घरच्या घरी घासूनपुसून पुन्हा वापरतो, झिजलेली टाकून नवी आणतो, आणि उपनगरातील मालवाहू गाडीच्या मालकाचे आपल्या इंजिनाशी असलेले नाते जे बदलले, ते मला वाटते या एवढ्याशा फरकानेच बदलले. बाकीची कारणे सांगतात ती पुष्कळशी मागाहून सुचलेली.

गोरेगावच्या त्या तीनचाकीचे इंजिन दोन-स्ट्रोकचे होते. अशा इंजिनात वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच कालवावे लागते आणि ते पेट्रोलबरोबर जळते, किंबहुना पुरते जळत नाही, आणि जे जळावयाचे राहते ते काजळी होऊन प्लगच्या टोकावर बसते. प्लगच्या नाकाचे तापमान साडेचारशे-पाचशे अंशांच्या वर गेले, तर बसलेली काजळी आपोआप जळून जाते आणि टोक स्वच्छ राहते. ते साडेआठशेच्या पलीकडे गेले, तर ठिणगी पडण्यापूर्वीच मिश्रण पेट घेते आणि पिस्टनला भोक पडण्याची पाळी येते. या दोन मर्यादांच्या मध्ये प्लगचा सारा संसार. आता दहिसर किंवा मुलुंडच्या जकात नाक्यावर माल भरलेल्या गाड्यांची रांग लागलेली, पावती फाडणारा कारकून आपल्या चालीने काम करीत असलेला, दस्तऐवजांत काही उणे निघाले की गाडी बाजूला घेण्याचा हुकूम ठरलेला, आणि इंजिन बंद केले तर पुन्हा चालू होईल की नाही या धास्तीने चालकाने ते तसेच मंद गतीवर गुरगुरत ठेवलेले, अशा स्थितीत प्लगला पाचशे अंशांची ऊब मिळावी कोठून? जकातीचा बोजा व्यापाऱ्यावर पडे हे सर्वज्ञात आहे. तिचा एक हिस्सा प्लगच्या टोकावर काजळीच्या रूपाने जमा होई, याची नोंद कोणत्याही दफ्तरात सापडावयाची नाही. ती जकात २०१७ च्या जुलैत उठली, पण तोवर मालवाहू गाड्यांतले दोन-स्ट्रोक इंजिनही मागे पडले होते.

म्हणून प्लग काढून साफ करणे हे त्या काळी घरचेच काम होते. घाटकोपरचे पंतनगर, विक्रोळीचे कन्नमवार नगर, अंधेरीचे डी. एन. नगर अशा हाउसिंग बोर्डाच्या वसाहतींत इमारतींच्या मध्ये मोकळी जागा असे, टेंपो घराच्या खिडकीखालीच उभा असे, आणि रविवारी सकाळी, इंजिन रात्रभरात पुरते निवलेले असताना, मालक प्लगपाना घेऊन खाली उतरे. इंजिन निवलेले हवे हा दंडक काटेकोर पाळावा लागे, कारण ॲल्युमिनियमचे हेड गरम असताना प्लग फिरवला तर आटे जातात, आणि एकदा आटे गेले की पाच मिनिटांच्या कामाचे पाच दिवसांचे होऊन बसते. प्रथम प्लगच्या बुडाशी साचलेली धूळ फुंकून काढावयाची, नाही तर प्लग निघताच ती सरळ सिलिंडरमध्ये उतरते. मग वायर ओढावयाची ती टोपीला धरून, वायरीला धरून नव्हे. आणि चार सिलिंडरांची गाडी असेल तर एका वेळी एकच, कारण फियाटचे सिलिंडर एक, तीन, चार, दोन अशा क्रमाने पेटत, आणि वायरींची अदलाबदल झाली की गाडी सायलेन्सरमधून फटाके उडवू लागे. निघालेले प्लग वर्तमानपत्रावर क्रमाने मांडावयाचे, करवंटीत थोडे रॉकेल घेऊन टोके भिजवावयाची, तारेच्या ब्रशाने आणि पॉलिश पेपराने घासावयाची, आणि शेवटी दोन टोकांमधली फट फिलर गेजच्या पातीने मोजून, अर्ध्या मिलिमीटरहून थोडी अधिक राहील अशी, बाहेरचा आकडा हलकेच ठोकून जुळवावयाची. मधल्या दांड्याला हात लावावयाचा नाही. त्याच्याभोवतीची माती तडकते.

परंतु या साऱ्या खटाटोपात खरे महत्त्वाचे होते ते घासण्यापूर्वीचे पाहणे. टोक फिक्या चॉकलेटी रंगाचे असेल तर इंजिनाची प्रकृती निकोप. कोरडे, काळे आणि मखमलीसारखे असेल तर कार्बुरेटर पेट्रोल जास्त देतो आहे किंवा चोक अडकला आहे. काळे आणि ओले असेल तर तेल वर चढते आहे. म्हणजे रिंगा गेल्या, आणि पुढल्या महिन्याच्या हिशेबात मोठा खर्च धरून ठेवणे आले. पांढरे फटक आणि पुटकुळ्या आल्यासारखे असेल तर मिश्रण पातळ, इंजिन तापते आहे. चार प्लग शेजारी ठेवले असता तीन एका रंगाचे आणि एक वेगळा दिसला, की दोष कोणत्या सिलिंडरात आहे हे पदवीधर इंजिनिअरावाचूनही कळे. गल्लीच्या तोंडाशी बसणारा मिस्त्री नुसता आवाज ऐकून "भाऊ, तुमचा तीन नंबर मारत नाही," असे सांगे हे खरे. पण त्याचा शब्द पडताळून पाहण्याचे साधन मालकाच्या हाती असे, आणि त्यामुळे दोघांच्या बोलण्याला एक बरोबरी येत असे.

प्लगही देशी मिळू लागले होते. बॉशच्या सहकार्याने १९५१ साली बंगळूर येथे स्थापन झालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीचे, म्हणजे सर्वतोमुखी झालेल्या 'मायको'चे प्लग उपनगरातल्या लहानशा दुकानातही असत, आणि नवे परवडत नसतील त्यांच्यासाठी कुर्ल्याचा जुन्या सुट्या भागांचा बाजार होताच. हा मायको पुढे २००८ मध्ये बॉश या नावात विलीन झाला. बॉश कंपनीचे या वस्तूशी नाते तसे जुनेच, कारण तिच्याच गॉटलोब होनोल्ड या अभियंत्याने १९०२ साली उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याचा प्लग सिद्ध केला, आणि ठिणगीचा प्रश्न व्यवहारात सुटला तो त्यानंतर.

पावसाळ्याचे प्रकरण निराळे. अंधेरीच्या सबवेत पाणी साचले की पेट्रोलची गाडी प्रथम अडखळे आणि मग थांबे. डेल्कोच्या, म्हणजे प्लगांना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या, टोपीत दमटपणा शिरला की वीज प्लगपर्यंत पोहोचण्याआधीच वाट सोडून इंजिनाच्या अंगाला लागे, आणि बारा व्होल्टांचे हजारो व्होल्ट करणारी कॉइल बापडी फुकट राबत राही. कोरडे फडके, आणि तेही धोतराचे, हे जूनपासून सप्टेंबरपर्यंत गाडीत असावयाचेच.

पुढे मालवाहतुकीने डिझेलची वाट धरली. डिझेलला ठिणगीची गरज नाही. हवा इतकी दाबली जाते की इंधन तिच्या उष्णतेनेच पेटते. मॅटॅडोर आली, डिझेलच्या जीपगाड्या आल्या, आणि २००५ मध्ये टाटांची एस, जिला सारा देश छोटा हाथी म्हणून ओळखू लागला, तीही दोन सिलिंडरांचे सातशे सीसीचे डिझेल इंजिन घेऊनच आली. भांडुप-मुलुंडच्या औद्योगिक वसाहतींत माल वाहणाऱ्या नव्या पिढीच्या चालकांना प्लगपाना ठाऊक होता तो मोटारसायकलीपुरता. प्लग राहिला टॅक्सीत आणि रिक्षात. रिक्षांतल्या पेट्रोलमध्ये तेलाखेरीज रॉकेलही कालवले जाई हे उघड गुपित होते, आणि त्या प्लगांची कळा काय असेल ते सांगावयास नकोच.

प्लगचे नशीब फिरले ते कारखान्यात नव्हे, न्यायालयात. धुराने त्रस्त झालेल्या नागरिकांच्या मंचाने केलेल्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ च्या डिसेंबरात परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि त्यानंतरच्या आदेशांनी जुन्या टॅक्सींना मुदत घालून गॅसकडे वळविले. रिक्षाही मागोमाग वळल्या. गॅस पुरविणारी महानगर गॅस कंपनी १९९५ पासून अस्तित्वात होतीच. देशभर शिसेविरहित पेट्रोल सक्तीचे झाले तेही २००० साली. मौज अशी की एतियेन लन्वार याने १८६० मध्ये पॅरिसमध्ये विजेच्या ठिणगीवर चालणारे जे इंजिन चालवून दाखविले, ते दिव्यांच्या गॅसवरच चालत असे; म्हणजे दीडशे वर्षांच्या फेऱ्यानंतर कुर्ला-घाटकोपरच्या रिक्षा तत्त्वतः मूळ ठिकाणी परतल्या, असे म्हणावयास हरकत नाही.

या नव्या काळाच्या उंबरठ्यावर २६ जुलै २००५ हा दिवस येतो. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठी नदीने पात्र सोडले, आणि कुर्ला, कालिना, साकीनाका या पट्ट्यात उभ्या असलेल्या गाड्यांवरून पाणी गेले. हवा दाबता येते, पाणी दाबता येत नाही. म्हणून पाणी शिरलेल्या इंजिनाला कोणी घाईने सेल्फ मारला, की पिस्टन त्या पाण्यावर आदळून कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा इंजिनाचा उपचार एकच. आधी सर्व प्लग काढावयाचे आणि मग इंजिन फिरवावयाचे. प्लगच्या भोकांतून गढूळ पाण्याच्या पिचकाऱ्या उडतात, प्रथम जोराच्या, मग तुषारांच्या, आणि अखेर नुसती हवा फुसफुसते. मग प्रत्येक भोकात चमचाभर तेल सोडावयाचे, प्लग वाळवून बसवावयाचे, तेलपाणी बदलावयाचे. त्या आठवड्यात उपनगरांतल्या गॅरेजांपुढे गाड्यांच्या रांगा लागलेल्या असताना ज्यांच्या घरी प्लगपाना होता त्यांची वाहने लवकर मार्गी लागली. डिझेलवाल्यांना इंजेक्टर उतरवावे लागत, आणि ते घरच्या हत्यारांनी होणारे काम नव्हे.

मग १ एप्रिल २०२० पासून उत्सर्जनाचे सहावे भारत मानक देशभर लागू झाले, लहान डिझेल इंजिन त्या अटींत बसविणे महाग झाले, आणि ठिणगी मालवाहू गाडीत परतली. मारुतीची सुपर कॅरी २०१६ मध्ये आली तेव्हा तिच्यात दोन सिलिंडरांचे डिझेल होते. आता तीच गाडी चार सिलिंडरांच्या पेट्रोलवर आणि गॅसवर चालते. टाटांच्या लहान पिकअपांतही गॅस आला. मागच्या हौद्यात भाजीचे क्रेट किंवा फ्लिपकार्टचे खोके, पोटात दोनशे बार दाबाचा गॅस, आणि इंजिनात पुन्हा प्लग, अशी गाडी आज बोरिवलीच्या आणि मुलुंडच्या गल्लीगल्लीत दिसते.

पण हा परतलेला प्लग जुना नव्हे. गॅस स्वच्छ जळतो, काजळी जवळजवळ धरत नाही, म्हणून ज्या रंगांवरून दोन पिढ्यांनी इंजिने वाचली ते रंगच उमटेनासे झाले. उलट गॅसच्या मिश्रणातून ठिणगी पाडावयास पेट्रोलपेक्षा अधिक दाबाची वीज लागते, आणि प्रत्येक ठिणगी धातूचा किंचितसा अंश घेऊन जाते. मिनिटाला तीन हजार फेरे घेणाऱ्या चार-स्ट्रोक इंजिनात एक प्लग सेकंदाला पंचवीस ठिणग्या पाडतो. फट रुंदावत जाते, कॉइलवर ताण येतो, आणि एके दिवशी घाटकोपरच्या पुलावर भरल्या गाडीने चढ घेताना इंजिन झटके खाऊ लागते. पेट्रोलवर टाकताच ते सुरळीत चालते, म्हणून बिचारा मालक गॅसच्या किटला दोष देत बसतो. बहुतेक वेळा किट निर्दोष असते. फट मोजली की उलगडा होतो.

हे काम घरी करावयास यांत्रिक अडचण फारशी नाही. अशा गाडीत इंजिन आसनाखाली असले तर आसन उचलावयाचे, प्रत्येक प्लगच्या डोक्यावरची कॉइल एका बोल्टाने धरलेली असते ती सोडवावयाची, आणि खोल विहिरीत बसलेला प्लग आतून रबर असलेल्या लांब पान्याने वर काढावयाचा. नवा बसविताना आटे बरोबर धरले आहेत की नाही हे हाताला कळावे म्हणून त्याच्या डोक्यावर रबरी नळीचा तुकडा चढवून बोटांनी फिरवावयाचा; आटे तिरपे लागले तर नळीच घसरते आणि हेड वाचते. वॉशर असलेला नवा प्लग हाताने बसला की पान्याने अर्धा ते पाऊण फेरा पुरे. इरिडियमचा असेल तर त्याच्या सुईसारख्या टोकाला ब्रश लावावयाचा नाही. खरी अडचण जागेची. वसाहतींचा पुनर्विकास झाला, मोकळी जागा पोडियमखाली गेली, आणि आवारात वाहन दुरुस्त करू नये असा ठराव सोसायटीच्या फलकावर लागला. पिकअपचा मालक आता रात्री सर्व्हिस रोडच्या कडेला गाडी लावतो, आणि तेथे मोबाइलच्या उजेडात आसन उचलून बसण्याची हौस सर्वांना असते असे नाही.

तरी ज्यांना ती आहे त्यांनी काढलेले चार प्लग, ते कितीही सारखे दिसले तरी, टाकून देण्यापूर्वी क्रमाने मांडून फिलर गेजची पाती प्रत्येकात घालून पाहावी. तिघांत ती सैल जाते आणि चौथ्यात अडकते असे झाले, तर त्या सिलिंडरची ठिणगी काही काळ पडतच नव्हती, आणि नव्या प्लगबरोबर त्याची कॉइलही तपासून घ्यावी लागेल.