न्हाणीघरातील वीज आणि दाढीचा प्लग

नाशिकची थंडी ज्यांनी अनुभवली आहे, त्यांस पहाटेच्या कढत पाण्याची थोरवी सांगावयास नको. शेजारच्या निफाडात पारा उतरल्याची बातमी दर हिवाळ्यात येते, आणि जुन्या नाशकातील वाड्यांतून पहाटेच तांब्याच्या बंबात जाळ होत असे तो ह्याच थंडीपायी. पुढे बंब माळ्यावर गेला व गिझर आला. गिझरमागोमाग कपडे धुण्याचे यंत्र, केस वाळविण्याचे यंत्र आणि दाढीचे यंत्र ही मंडळीही न्हाणीघरात शिरली, आणि प्रत्येकाने भिंतीवर आपापला प्लगपॉइंट मागितला.

बंबाचा विस्तव डोळ्यांना दिसत असे. एकदा चटका बसला की पोर पुन्हा तिकडे फिरकत नसे. वीज मात्र दिसत नाही, तिला वास नाही, आणि तिचा पहिलाच चटका अखेरचा ठरू शकतो. म्हणून आरशाशेजारी दाढीच्या यंत्रासाठी एक लहानसा प्लग हवा, ही मागणी दिसते क्षुल्लक. परंतु तिचे उत्तर नीट शोधले तर न्हाणीघरातील विजेचे सारे शास्त्र आपल्या हाती येते. ते आम्ही येथे मांडू इच्छितो.

प्रथम धक्का बसतो कसा ते पाहू. विद्युत्प्रवाह जेथून निघाला तेथे परत जाण्याची वाट असेल तरच वाहतो. आपल्या घरात दोन तारा येतात. एक फेज, तिच्यावर २३० व्होल्टचा दाब. दुसरी न्यूट्रल, परतीची. गल्लीच्या कोपऱ्यावर जी डी.पी. असते, तेथील रोहित्राशी ही न्यूट्रल जमिनीला जोडलेली असते. येथेच सगळे मर्म आहे. न्यूट्रल जमिनीला जोडलेली असल्यामुळे आपल्या पायाखालची जमीन हीच परतीची दुसरी तार बनते. फेजला हात लावणारा मनुष्य एका हाताने एकच तार धरीत असला, तरी दुसऱ्या तारेवर तो उभाच असतो. कोरडी चप्पल, कोरडी फरशी, कोरडी कातडी ह्या तिन्ही गोष्टी ह्या वाटेत अडसर घालतात. न्हाणीघरात तिन्ही अडसर एकदम निघतात: पाय अनवाणी, फरशी ओली, अंग भिजलेले.

आता थोडे आकडे. एका अँपिअरचा हजारावा भाग म्हणजे एक मिलीअँपिअर. एक मिलीअँपिअरला मुंग्या येतात. दहाच्या आसपास स्नायू आखडतात व धरलेली वस्तू सोडावी म्हटले तरी सुटत नाही. तिसाच्या पुढे प्रवाह टिकून राहिला तर श्वास व हृदय ह्यांवर संकट येते. भिजलेल्या शरीराचा अडथळा ढोबळपणे एक हजार ओहम धरला, तर २३० व्होल्टवर २३० मिलीअँपिअर प्रवाह वाहू शकतो. साठ वॉटचा जुना दिवा लावायला लागतो त्याहूनही हा थोडा कमीच! आणि घरातील फ्यूज किंवा एम.सी.बी. असतो सहा अँपिअरचा, म्हणजे सहा हजार मिलीअँपिअरचा. मनुष्य तडफडत असता त्या फ्यूजला काही झाल्याचा पत्ताही लागत नाही. फ्यूज तारांच्या रक्षणासाठी आहे, माणसाच्या नव्हे, हे प्रत्येक गृहस्थाने मनावर कोरून ठेवावे.

मग उपाय काय? तीन आहेत: वीज व पाणी ह्यांत अंतर ठेवणे, जमिनीशी असलेले नाते तोडणे, आणि प्रवाह वाट चुकताच तो तत्क्षणी बंद करणे.

दाढीच्या खास प्लगची युक्ती दुसऱ्या उपायाची आहे. जेकब शिक ह्या अमेरिकन गृहस्थाने विजेच्या दाढीयंत्राचे पेटंट १९३० साली मिळविले. १९३९ साली फिलिप्सचे फिरत्या पात्यांचे यंत्र निघाले. लोक ते साहजिकच बेसिनच्या आरशापुढे नेऊ लागले, आणि न्हाणीघरात चालेल असा प्लग करणे भाग पडले. त्या प्लगच्या मागे भिंतीत एक छोटे रोहित्र बसविलेले असते. लोखंडी गाभ्यावर तारेची दोन स्वतंत्र वेटोळी. एकात घरची वीज येते, दुसऱ्यातून यंत्राला जाते. दोहोंत चुंबकत्वाचा दुवा आहे, तारेचा नाही. दुसऱ्या वेटोळ्याचे कोणतेही टोक जमिनीला जोडलेले नसते. त्यामुळे तेथील एखाद्या तारेला ओला हात लागला तरी जमिनीवाटे परतीची वाट मिळत नाही, आणि धोक्याइतका प्रवाह वाहात नाही. युरोपातील प्रवासगृहांत, आणि आपल्याकडील बऱ्याच मोठ्या हॉटेलांत, आरशाशेजारी दाढीयंत्राचे चित्र काढलेली व ११५ आणि २३० व्होल्टची निवड देणारी जी पेटी दिसते, ती हीच.

परंतु ह्या संरक्षणाला मर्यादा आहेत. एक, दोन्ही तारांना एकदम स्पर्श झाला तर रोहित्र वाचवू शकत नाही. दोन, त्याची ताकद मुद्दामच थोडी ठेवलेली असते, साधारण वीस ते पन्नास वॉटची. हजारावर वॉट खाणारे केस वाळविण्याचे यंत्र त्यावर चालवू नये. जोड-प्लग लावून दोन यंत्रे तर मुळीच नाहीत, कारण पहिल्यातला बिघाड दुसऱ्याच्या बिघाडाशी मिळाला की तुटलेली वाट पुन्हा जुळते. तीन, आणि ही सर्वांत फसवी गोष्ट, अगदी तशाच तोंडवळ्याचे पण मागे रोहित्र नसलेले दाढीचे प्लगही बाजारात असतात. ते फक्त कोरड्या खोलीसाठी. ब्रिटिश मानकांत तर त्यांना न्हाणीघराबाहेर वापरावयाचे म्हणून वेगळा क्रमांकच दिलेला आहे. भोके दोन आहेत एवढ्यावर विश्वास न ठेवता, पेटीत पृथक्कारी रोहित्र आहे काय, हे उत्पादकाच्या पत्रकावरून पाहूनच विकत घ्यावे.

आता अंतराचा उपाय. आंतरराष्ट्रीय विद्युत्तांत्रिक आयोगाच्या नियमांत न्हाणीघराचे पट्टे पाडले आहेत. जेथे टब नाही, नुसता शॉवर आहे, तेथे शॉवरपासून १.२० मीटर, म्हणजे सुमारे चार फूट, आणि जमिनीपासून २.२५ मीटर उंचीपर्यंतचा भाग पाण्याचा समजावा. ह्या भागात कोणताही प्लग नको, दाढीचा खास प्लगसुद्धा नको. आता आपल्या घरांकडे पहा. चार फूट रुंद व सहा फूट लांब अशी न्हाणीघरे घरोघर आहेत. बादलीतून तांब्याने पाणी घेणाऱ्याला तर चारही भिंती सारख्याच! अशा न्हाणीघरात प्लगला जागाच उरत नाही, असे हिशेबच सांगतो. सुदैवाने आपल्याकडे बेसिन न्हाणीघराबाहेर, बोळात किंवा जेवणघराच्या कडेला ठेवण्याची चाल आहे. दाढीची जागा तीच असू द्यावी. सोयीसाठी पडलेली ही चाल सुरक्षिततेच्या दृष्टीनेही उत्तम ठरते.

हल्लीची यंत्रे बहुधा बॅटरीवर चालतात. त्यांनी प्रश्न आणखी सोपा केला आहे. झोपण्याच्या खोलीत यंत्र भारून घ्यावे व वायर तेथेच सोडून न्हाणीघरात न्यावे. वायर लावलेले यंत्र ओल्या हाताने वापरणे टाळावे, आणि बेसिनमध्ये पडलेच तर आधी बटण बंद करून मगच त्याला हात लावावा.

तिसरा उपाय आर.सी.सी.बी.; वायरमन त्याला अजून ई.एल.सी.बी. म्हणतात. फेजने गेलेला प्रवाह न्यूट्रलने तेवढाच परत येतो की नाही, ह्यावर तो सतत नजर ठेवतो. तीस मिलीअँपिअरचा फरक पडला की सेकंदाच्या लहानशा अंशात वीज तोडतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या नियमांत घरगुती जोडणीसाठी हीच तिसाची मर्यादा घातली होती. मात्र दोन्ही तारा एकदम धरल्या, किंवा धक्का रोहित्राच्या पलीकडे बसला, तर त्याला काही कळत नाही. त्याच्यावरील चाचणीचे बटण अधूनमधून दाबून तो पडतो की नाही हे पहावे. परंतु ते बटण अर्थिंगची परीक्षा करीत नाही.

अर्थिंगविषयी एक गोष्ट विशेष लक्षात आणून द्यावीशी वाटते. पूर्वी कित्येक घरांत अर्थची तार नळाच्या लोखंडी पाइपला बांधून काम भागवीत. तीस-चाळीस वर्षांनी पाइप गंजले आणि त्या जागी प्लॅस्टिकचे आले. प्लंबर आपले काम चोख करून गेला, पण त्याबरोबर घराचे अर्थिंगही गेले, हे कोणाच्या ध्यानीमनी नाही! गिझरचा दिवा लागतो, पाणी तापते, सारे ठीक दिसते. ज्या दिवशी आतील कांडी फुटेल त्या दिवशी गिझरचा पत्रा आणि नळाचे पाणी ही दोन्ही फेजवर येतात. जुन्या घरात नळ बदलले असतील, तर अर्थिंग मोजून घेतल्यावाचून राहू नये. आपली भूमी काळ्या पाषाणाची. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा सुकला की त्याचा अडथळा वाढतो, म्हणून त्यात पाणी घालण्याची सवय ठेवावी.

गिझरचे बटण न्हाणीघराबाहेर, फेज व न्यूट्रल दोन्ही तोडणारे असावे, आणि अंगावर पाणी घेण्यापूर्वी ते बंद करावे. बादलीत सोडण्याच्या रॉडबाबत नियम एकच: बटण बंद, पिन बाहेर, मग पाण्याला बोट. काम राज्य शासनाचा परवाना असलेल्या ठेकेदाराकडूनच करून घ्यावे. कायद्याचीही तशीच अट आहे. कोणास धक्का बसलाच तर त्याला धरावयास धावू नये. आधी मेन स्विच पाडावा, मग १०८ क्रमांकाला कळवावे, आणि श्वास थांबला असेल तर छाती दाबण्याचे प्रथमोपचार तत्काळ सुरू करावेत.

तात्पर्य, ओल्या फरशीवर उभा असलेला मनुष्य अर्धा विजेच्या मंडलात उभाच असतो. उरलेला अर्धा त्याच्या हाताशी येऊ न देणे एवढेच आपणांस करावयाचे आहे. त्याचा आरंभ उद्या सकाळीच होऊ शकेल. आंघोळीपूर्वी न्हाणीघराच्या भिंतींवरून एकदा नजर फिरवावी, आणि जो प्लग तेथे असावयास नको, तो वायरमनला बोलावून काढून टाकावा.