परवान्याच्या दुकानातून कोठडीकडे

गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम हे लांबलचक नाव कुणाच्याच तोंडी नाही. पोलीस, वकील, वार्ताहर सगळे त्याला एनडीपीएस म्हणतात. हा कायदा 14 नोव्हेंबर 1985 रोजी अमलात आला आणि त्याला आता चाळीस वर्षे उलटून गेली. या काळात वाढलेल्या पिढीला गांजा म्हणजे मुळातच गुन्हा वाटतो. दुसरीकडे समाजमाध्यमांवर असेही ठासून सांगितले जाते की 1985 पर्यंत देशभर गांजा उघड आणि कायदेशीर मिळत होता. दोन्ही समजुती अर्धवट आहेत आणि अर्धवट माहितीवर तरुण मुले आज मोठी जोखीम पत्करत आहेत. म्हणून हा प्रवास जरा मागून पाहायला हवा.

सुरुवात 1893 पासून करतो. गांजाने हिंदुस्थानातील वेड्यांची इस्पितळे भरली आहेत, अशी ओरड तेव्हा इंग्लंडच्या पार्लमेंटात झाली. सरकारने डब्ल्यू. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांचा आयोग नेमला. त्यात तीन सभासद भारतीय होते. आयोग प्रांतोप्रांती फिरला. डॉक्टर, कलेक्टर, मिशनरी, शेतकरी, साधू, दुकानदार अशा 1193 जणांच्या साक्षी त्याने घेतल्या. बंगालात नवगाव, मध्य प्रांतात खंडवा, मुंबई इलाख्यात अहमदनगर अशी लागवडीची ठिकाणे त्याच्या अहवालात येतात.

या आयोगाने वेड्यांच्या इस्पितळांची दप्तरे उघडली, हे त्याचे काम मला सर्वांत मोलाचे वाटते. रोग्याच्या नावापुढे वेडाचे कारण म्हणून ‘गांजा’ असा शेरा असे. बहुधा रोग्याला पकडून आणणाऱ्या पोलिसाने ऐकीव माहितीवर तो दिलेला असे, आणि पुढे कुणी तो तपासत नसे. आयोगाने 1892 सालच्या नोंदी एकेक करून पुन्हा तपासल्या, नातेवाइकांकडे चौकशी करवली आणि त्यातल्या बऱ्याच शेऱ्यांना आधारच नाही असे त्याला आढळले. 1894 च्या अहवालाने सांगितले की माफक सेवनाने फारशी हानी होत नाही, अतिसेवनाने होते, आणि सरसकट बंदी गरजेचीही नाही, शहाणपणाचीही नाही. कर वाढवा, परवाने मोजके ठेवा, एका माणसाने किती जवळ बाळगायचे ते ठरवा, एवढीच त्याची शिफारस होती. दोघा भारतीय सभासदांनी आपली वेगळी मतेही त्याला जोडली. इंग्रज सरकारला अबकारीचा महसूल हवा होता, हे उघड आहे आणि ते विसरू नये. तरीही कायदा करण्याआधी इतक्या माणसांना विचारण्याची ही रीत नंतर या विषयात पुन्हा दिसली नाही.

पुढची पन्नास वर्षे अबकारीची होती. 1925 च्या जिनिव्हा करारात गांजाचे नाव आले आणि 1930 मध्ये घातक औषधिद्रव्यांचा कायदा झाला. त्यात जास्तीत जास्त शिक्षा तीन वर्षांची, तोच गुन्हा पुन्हा केल्यास चार वर्षांची होती. मुंबई राज्याने मात्र 1949 मध्येच स्वतःचा दारूबंदी कायदा केला. दारूबरोबर भांग-गांजाही त्यात आला, आणि परवान्याशिवाय जवळ बाळगणे व सेवन करणे दोन्ही गुन्हा ठरले. त्यामुळे 1985 आधीच्या मोकळ्या काळाच्या गोष्टी महाराष्ट्राला लागू पडत नाहीत. तोच कायदा आज महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने कायम आहे. होळीच्या थंडाईत भांग घोटणाऱ्याला वाराणसीत किंवा जैसलमेरात सरकारमान्य ठेका सापडतो. पण तीच भांग परवान्याशिवाय पुण्यात बाळगली तर ती गुन्ह्यात मोडते.

भांग आणि गांजा यांतला भेद उगवतो 1961 च्या आंतरराष्ट्रीय करारातून. त्या करारात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर पाने आणि बी त्यातून वगळले आहे. भारतासारख्या देशांतली भांग त्यामुळे वाचली. इतर सेवन बंद करायला करार अमलात आल्यापासून पंचवीस वर्षांची सवलत मिळाली होती. ती मुदत जवळ येत चालली होती, हेरॉइनच्या तस्करीत भारत वाटेवरचा देश बनला होता, आणि 1985 च्या ऑगस्टमध्ये संसदेत आलेले विधेयक सप्टेंबरात कायदाही झाले. नव्वद वर्षांपूर्वीच्या 1193 साक्षींची आठवण या घाईत झाली असावी, असे वाटत नाही.

घाईची किंमत माणसांनी मोजली. मूळ कायद्यात चरस सापडला की किमान दहा वर्षांची सक्तमजुरी होती. तो स्वतःच्या वापरापुरता आहे हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असे. 1989 मध्ये जामीन जवळजवळ अशक्य झाला, आणि ठरावीक मोठ्या प्रमाणाच्या दुसऱ्या गुन्ह्याला फाशी सक्तीची झाली. ती सक्ती 2011 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली आणि 2014 मध्ये संसदेनेही कायद्यातून काढली. शिक्षा मालाच्या वजनाशी जोडायला मात्र 2001 उजाडावे लागले. गांजाचे अल्प प्रमाण 1 किलोपर्यंत आणि व्यापारी प्रमाण 20 किलोंच्या वर धरले गेले. चरसासाठी हेच आकडे 100 ग्रॅम आणि 1 किलो आहेत. अल्प प्रमाणाला आज एक वर्षापर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, व्यापारी प्रमाणाला दहा ते वीस वर्षे. निव्वळ ओढल्याबद्दलही कलम 27 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. ‘थोडासा असला तर चालतो’ असे मुले एकमेकांना सांगतात, त्याला कायद्यात कसलाच आधार नाही.

वजन कशाचे करायचे, यावरही वर्षानुवर्षे वाद झाले. पाने, देठ, बिया वेगळ्या न करता पोलिसांनी सगळा पसारा तोलला म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने काही प्रकरणांत जामीन दिला आहे. उलट, भेसळीच्या मालात भेसळीसकट वजन धरावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितले.

2020-21 मध्ये मुंबईतील चित्रपटसृष्टीतली नावे वाहिन्यांवर झळकली तेव्हा हा कायदा घराघरांत पोचला. पण तो रोज झळ पोचवतो ती दुसऱ्यांना. धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात तूर-कापसाच्या आड लावलेला गांजा पोलीस वर्षानुवर्षे उपटताहेत. सातपुड्याच्या पलीकडे निमाड, म्हणजे आयोगाच्या अहवालातले तेच खंडव्याचे परवान्याचे क्षेत्र. शेत कसणारा हाती लागतो आणि माल उचलणारा सहसा नाही, ही तक्रार तिथे जुनीच आहे.

गांजा निरुपद्रवी आहे, असे मी म्हणत नाही. किशोरवयात नियमित ओढणाऱ्यांना मनोविकाराचा धोका वाढतो आणि व्यसनही जडते. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या, 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे 3.1 कोटी लोक वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतात. या सगळ्यांना कोठडी दाखवून त्यांच्यातला आजारी कोण, हे कसे कळणार? डिसेंबर 2020 मध्ये संयुक्त राष्ट्रांत गांजाला अतिघातक यादीतून काढण्याचा ठराव 27 विरुद्ध 25 मतांनी मंजूर झाला. भारताने बाजूने मत दिले, पण घरच्या कायद्यात सेवन गुन्हाच राहिले. कलम 10 राज्यांना काही नियमनाचे अधिकार देते. उत्तराखंडाने 2018 मध्ये तंतूसाठी, अत्यल्प नशेच्या वाणाच्या लागवडीची वाट उघडली. गोव्यात 2020 च्या अखेरीस औषधी लागवडीचा प्रस्ताव चर्चेत येताच गदारोळ झाला आणि तो मागे पडला.

परदेशात राहणाऱ्या मराठी मुलांना हे सगळे दूरचे वाटते, पण त्यांनी जास्त सावध राहायला हवे. कॅनडाने 2018 मध्ये आणि जर्मनीने 2024 मध्ये प्रौढांना मर्यादेत मोकळीक दिली. थायलंडने 2022 मध्ये दिलेली मोकळीक 2025 मध्ये वैद्यकीय चिठ्ठीपुरती आक्रसली. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत परवान्याच्या दुकानात गांजा मिळतो, मात्र केंद्राच्या कायद्याने तो अजून नियंत्रित पदार्थ आहे. व्हिसावर असलेल्याने सेवनाची नुसती कबुली दिली तरी त्याचा पुढचा प्रवेश अडू शकतो. आणि बँकॉकहून मुंबई विमानतळावर उतरताना बॅगेत सापडलेला गांजा एनडीपीएसच्या लेखी आयातीचा गुन्हा असतो, तिकडे तो कितीही राजरोस विकत घेतलेला असो.

या कायद्यात एक वाट आहे आणि ती फार कमी लोकांना ठाऊक आहे. कलम 64 अ नुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेल्या व्यसनी माणसाने स्वेच्छेने सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचार घेतले तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर ही सवलत काढून घेता येते. ज्यांच्या घरी पोलीस आले असतील त्यांनी जामिनासाठी धावपळ करतानाच वकिलाला या कलमाबद्दल पहिल्याच दिवशी विचारावे.