लडाखच्या गावात पहिला हिवाळा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

नोकरीसाठी किंवा एखाद्या संस्थेच्या कामासाठी लडाखच्या गावात राहायला निघालेल्या माणसाची तयारी बहुतेक वेळा गरम कपड्यांच्या खरेदीने सुरू होते आणि तिथेच संपते. चांगलं जाकीट हवंच, त्यात वाद नाही. पण थंडीइतकाच धोका इथून मनात घेऊन गेलेल्या काही पक्क्या समजुतींचा असतो. त्या वेळीच काढून टाकायला हव्यात.

त्यातली पहिली म्हणजे, ‘मी दर आठवड्याला सह्याद्रीत ट्रेक करतो, मला उंचीचा त्रास होणार नाही.’ कळसूबाईची उंची 1,646 मीटर आहे, आणि लेह शहरच साधारण 3,500 मीटरवर वसलेलं आहे. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तिथेही 21 टक्केच असतं. हवेचा दाब मात्र समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश असल्याने प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी मिळतो. याच्याशी जुळवून घ्यायला शरीराला वेळ लागतोच, आणि कमावलेला दम तो वेळ वाचवत नाही. उलट तरुण, काटक मुलं पहिल्याच दिवशी सामान उचलून जिने चढतात आणि आजारी पडतात. विमानाने उतरल्यावर निदान 48 तास विश्रांती घ्या, मगच वरच्या गावाकडे निघा. कापूर हुंगून नाकाला गारवा जाणवतो, पण रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. बसल्या जागी धाप लागत असेल किंवा चालताना तोल जात असेल, तर ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणू नका. तातडीने कमी उंचीवर नेणं आणि ऑक्सिजन देणं हाच त्यावरचा उपाय आहे.

रमने ऊब येते, हाही असाच समज. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. त्यामुळे ऊब आल्यासारखं वाटतं, पण शरीरातली उष्णता बाहेर पडत असते.

सगळ्यात घातक समज शेगडीबद्दलचा आहे: ‘धूर दिसत नाही, म्हणजे काळजी नाही.’ कोळसा धगधगला की धूर दिसेनासा होतो, पण कार्बन मोनॉक्साइड तयार होतच राहतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. त्यात विषबाधेची सुरुवात डोकेदुखी, मळमळ आणि गळाल्यासारखं वाटण्याने होते, आणि उंचीच्या त्रासाची लक्षणंही हीच. ‘उंचीमुळे डोकं दुखतंय’ असं म्हणत माणूस त्याच बंद खोलीत झोपून जातो. एकाच खोलीतल्या दोघा-तिघांचं डोकं एकदम दुखू लागलं, तर आधी सगळ्यांनी बाहेर पडा आणि मग कारण शोधा. गावातल्या बुखारीला, म्हणजे लोखंडी चुलीला, छपरातून बाहेर काढलेला पाइप असतो. तो काजळीने तुंबलेला नाही ना आणि त्याचे सांधे सुटलेले नाहीत ना, हे हिवाळ्याच्या तोंडावर पाहून घ्या. झोपण्यापूर्वी आग विझवा. धुराडं नसलेली शेगडी खोलीत घेऊच नका. कार्बन मोनॉक्साइडची धोक्याची घंटा बाजारात मिळते. दुसरं जाकीट घेण्याआधी ती घ्या.

स्वच्छतागृहाचा विषय निघाला की नवखी माणसं नाक मुरडतात. लडाखी घरातला कोरडा संडास हे मागासपणाचं लक्षण आहे असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात ती विचारपूर्वक केलेली व्यवस्था आहे. वरच्या खोलीत जमिनीला एक चौकोनी भोक असतं आणि कोपऱ्यात मातीचा ढीग व फावडं. वापर झाला की वरून माती किंवा राख लोटायची. खालच्या खोलीत साठलेल्याचं खत होतं आणि ते शेतात जातं. लेहमध्ये वर्षाला जेमतेम 100 मिलिमीटरच्या आसपास पाऊस-बर्फ पडतो, शेती वितळलेल्या बर्फाच्या पाण्यावर चालते, आणि हिवाळ्यात नळ गोठतात. अशा ठिकाणी फ्लशचा हट्ट धरणं म्हणजे गावाच्या तोंडचं पाणी पळवणं आहे. फावडंभर माती लोटायला मात्र विसरू नका, आणि त्या भोकात प्लास्टिक टाकू नका.

‘थंडीत तहान लागत नाही, म्हणजे पाणी लागत नाही’ हेही खरं नाही. कोरड्या हवेत श्वासावाटे बरंच पाणी जातं. गरम पाणी थोडं थोडं पीत राहा. लोण्या-मिठाचा गुरगुर चहा पुढे आला तर नको म्हणू नका. ऊन लख्ख पडलं म्हणून गॉगल काढून ठेवू नका, कारण बर्फावरून परतणारे अतिनील किरण डोळ्यांना इजा करतात. पायांत मोज्यांचे थर कोंबून बूट घट्ट करू नका, रक्तपुरवठा अडला की बोटं आधी गारठतात.

हिवाळ्यात गाव झोपी जातं, हा समज मला सर्वांत जास्त खटकतो. शेतीची कामं थांबलेली असतात, म्हणूनच तर माणसांना माणसांसाठी वेळ असतो. लडाखचा लोसार, म्हणजे नववर्षाचा सण, बहुधा डिसेंबरात येतो. अनेक गोंपांचे, म्हणजे बौद्ध मठांचे, उत्सवही ऐन थंडीत होतात. बटाटे, गाजरं, सलगम जमिनीतल्या खड्ड्यात साठवलेले असतात आणि सगळं घर स्वयंपाकघरातल्या चुलीभोवती गोळा होतं. खोलीचं दार लावून एकटे बसू नका. ‘जुले’ (लडाखी नमस्कार) म्हणत रोज एखाद्या घरी डोकावा आणि त्या घरच्या आमा-लेंना, म्हणजे आईच्या वयाच्या बाईंना, रात्री चूल कधी विझवायची ते विचारा.