डावा पाय आणि तिसरे पेडल

आज मी कवितेविषयी बोलणार नाही, क्लचविषयी बोलणार आहे. मोटारीत ड्रायव्हरच्या पायाशी तीन पेडल असतात. त्यातले सर्वांत डावीकडचे क्लचचे. ऑटोमॅटिक गाड्यांत ते नसतेच, दोन पेडलवर काम भागते. आणखी काही वर्षांनी हे तिसरे पेडल कशासाठी होते, ते नातवंडांना समजावून सांगावे लागेल. मला मात्र ते आजच सांगावेसे वाटते आहे, आणि त्याला निमित्त झाला माझा एक मित्र.

हा माझा शाळेतला सोबती, वाईला राहतो. जन्मभर गणित शिकवले म्हणून आम्ही त्याला मास्तर म्हणतो. तो मला कवी म्हणतो. 2016 साली मास्तरने साठवलेल्या पैशांतून एक गाडी घेतली आणि घरच्यांनी कपाळाला हात लावला. गाडीचे नाव अबार्थ पुंतो. अंगाने लहानशीच, पण पांढऱ्या रंगावर लाल पट्टे आणि नाकावर विंचू. विंचू अशासाठी की, 1949 साली इटलीत ही कंपनी काढणाऱ्या कार्लो अबार्थ यांची रास वृश्चिक होती. पुढे ही कंपनी फियाटने घेतली. मास्तरची गाडी मात्र इटलीतून आलेली नाही, आपल्या पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यातली आहे.

अशा गाडीला परफॉर्मन्स कार म्हणतात. म्हणजे काय? तर इंजिन, ब्रेक, चाके, स्प्रिंगा हे सगळे जोरात जाण्यासाठी आणि तितक्याच जोरात थांबण्यासाठी घडवलेली. या गाडीचे इंजिन 1368 सीसीचे, ताकद 145 अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि पाच गिअर. तेही हाताने टाकायचे.

परवा मास्तरचा फोन आला. "कवी, रविवारी ये. गाडी चालवून बघायची आहे."

"विकतोयस की काय?"

"ते तूच सांगायचंस."

मी गेलो. वहिनींनी पोहे दिले आणि मास्तरने फळ्यासमोर उभे राहिल्यासारखे सांगायला सुरुवात केली. त्याचा डावा गुडघा झिजला आहे. डॉक्टर म्हणाले, क्लचची गाडी सोडा. पण मास्तरला वाटत होते की, गाडीचा क्लचच जड झाला असावा. "एका समीकरणात दोन अज्ञात आहेत," तो म्हणाला. "क्लच जड की पाय दुबळा? उत्तर निघत नाही. तुझे गुडघे अजून धड आहेत. तू चालवलीस की एक अज्ञात कमी होईल."

मी गाडी शिकलो मामूंकडून. मुंबईत त्यांच्याकडे पद्मिनी टॅक्सी होती, मालक दुसराच. स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअरचा दांडा, चार गिअर, आणि साधारण 40 अश्वशक्तीचे इंजिन. ऑक्टोबर 2023मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून या टॅक्सींनी निरोप घेतला तेव्हा मला मामूंची फार आठवण झाली. मामूंचे दोन धडे होते. पहिला, "बेटा, पाँव से नहीं, कान से चला." दुसरा, दुसऱ्याची गाडी म्हणजे अमानत, जशी हातात आली तशीच परत गेली पाहिजे.

म्हणून किल्ली घेण्याआधी मी विमा, पीयूसी आणि माझे लायसन्स पाहून घेतले. मित्राची गाडी चालवताना हे विचारायला आपल्याला संकोच वाटतो. पण अपघात झाला तर संकोच कोणाच्याच कामी येत नाही. मग सीट पुढे घेतली. क्लच तळापर्यंत दाबल्यावरही डावा गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे, इतके अंतर ठेवायचे. इंजिन सुरू न करताच पेडल दोन-चारदा दाबून पाहिले. जड होते. माझ्या रोजच्या गाडीपेक्षा कितीतरी जड.

हे पेडल दाबल्यावर आत काय होते? तुमच्यापैकी काहींनी गावातली जुनी पिठाची गिरणी पाहिली असेल. इंजिन चालूच असायचे. गिरणीवाला लाकडी दांड्याने पट्टा रिकाम्या चाकावर सरकवायचा की जाते थांबायचे, आणि घट्ट चाकावर सरकवायचा की जाते फिरायला लागायचे. क्लचचे काम तेच. इंजिनाच्या टोकाला एक जड चकती सतत फिरत असते, तिला फ्लायव्हील म्हणतात. तिच्यासमोर क्लचप्लेट असते, ती गिअरबॉक्सला जोडलेली. एक बळकट स्प्रिंग या प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते. पेडल दाबले की हा दाब सुटतो आणि इंजिन व चाके यांचा संबंध तुटतो. पेडल हळूहळू सोडले की प्लेट आधी थोडी घसरते, मग पकडते. घसरणे संपून पकड सुरू होते ती जागा पायाला कळली, की माणसाला गाडी चालवता आली असे समजावे.

मास्तरच्या गाडीत ही पकड फार वर, पेडल जवळजवळ पूर्ण सोडल्यावर येत होती. प्लेट झिजल्याची ही एक खूण. मी मास्तरला अजून काही बोललो नाही. एका खुणेवर निदान करू नये.

बाजारातून बाहेर पडून आम्ही पसरणी घाटाला लागलो. मास्तर डावीकडे बसला होता. गिअर सरकन पडत होते. मामूंच्या काळचे जुने ट्रकवाले डबल क्लच करायचे, म्हणजे एका गिअरसाठी दोनदा पेडल दाबायचे. आता ती गरज उरली नाही, कारण गिअरबॉक्समध्ये सिंक्रो नावाच्या कड्या असतात. चालत्या एसटीत चढणारा माणूस आधी तिच्या बरोबरीने चार पावले धावतो आणि मग दांडा पकडतो. तसेच ही कडी गिअरचा वेग शाफ्टच्या वेगाबरोबर आणते आणि मगच दाते एकमेकांत बसू देते.

घाट सुरू झाल्यावर तिसरा गिअर. खालचा गिअर म्हणजे पहार. पहारीचे लांब टोक हातभर खाली दाबले की धोंडा बोटभर उचलला जातो, पण उचलला जातो. खालच्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे जास्त आणि चाकांचे कमी. वेग देऊन जोर घ्यायचा असा तो सौदा आहे.

या गाडीची खरी गंमत मात्र टर्बोत आहे. चुलीत फुंकणीने हवा घातली की जाळ वाढतो. आता अशी कल्पना करा की, चुलीतून निघणारा धूरच ती फुंकणी फुंकतो आहे. इंजिनातून बाहेर पडणारे गरम वायू एक लहान पंखा फिरवतात आणि त्याच आसावरचा दुसरा पंखा इंजिनात हवा कोंबतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त जोर. भरात आल्यावर हे पंखे मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतात. पण इंजिन सावकाश फिरत असेल तर धूर कमी, म्हणून फुंकणीही मंद. त्यामुळे अशा गाड्यांत पाय दाबल्यावर क्षणभर काहीच होत नाही आणि मग पाठीत कुणीतरी ढकलल्यासारखे वाटते. वळणावर ज्याला हा क्षणभराचा उशीर ठाऊक नसतो, तो घाबरतो किंवा वळण चुकतो. म्हणून वळणाआधी ब्रेक, वळणाआधीच गिअर, आणि समोर रस्ता मोकळा दिसल्यावरच ॲक्सिलरेटर.

एक वळण संपले, रस्ता मोकळा दिसला. मी पाय दाबला. क्षणभर शांतता, मग टर्बोचा जोर आला. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा टुणकन वर उडाला, आवाज चढला, पण गाडी त्या मानाने पुढे गेली नाही. इंजिन धावत होते आणि गाडी मागे राहत होती. थोड्याच वेळात जळका वास आला. क्लच घसरत होता. ही दुसरी खूण, आणि ही फसवत नाही. मी पाय सैल केला आणि उरलेला घाट बैलगाडीच्या धीराने चढलो.

एवढ्यात माझे लक्ष मास्तरच्या पायाकडे गेले. मी गिअर बदलत होतो तेव्हा तोही डाव्या पायाने मॅट दाबत होता. दर वेळी. दाबताना हात गुडघ्यावर जात होता.

पाचगणीला पोचल्यावर मी किल्लीला हात घातला तर मास्तर म्हणाला, "थांब, मिनिटभर चालू दे." बरोबर होते. चढून आल्यावर टर्बो तापलेला असतो. इंजिन लगेच बंद केले तर त्याला तेल मिळणे थांबते आणि आतले तेल करपते.

चहा घेताना मी सांगितले, "क्लचप्लेट गेली आहे. प्लेट झिजली की स्प्रिंगचा कोन बदलतो आणि पेडल जड होते. तुझा पाय उगाच बदनाम झाला."

मला वाटले तो खूश होईल. तो कपाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "गेल्या महिन्यात बाजारात होतो. पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबून थांबलेलो. गुडघ्यात कळ आली, पाय सुटला आणि गाडीनं पुढं उडी घेतली. समोर शाळेची पोरगी सायकलवर होती. हातभर अंतर राहिलं. तिला कळलंसुद्धा नाही. मी घरी कुणाला बोललो नाही."

आता मला कळले, त्याला गाडी विकायची होती की नव्हती हा प्रश्नच नव्हता. त्या दिवशी चूक कोणाची, गाडीची की त्याची, एवढेच त्याला हवे होते.

उतरताना मी गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ठेवली. ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचे, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही खरा आहे. इंजिनच गाडीला रोखून धरते आणि ब्रेकला विश्रांती मिळते. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणारे लोक ब्रेक तापवतात, आणि तापलेले ब्रेक ऐन वेळी धरत नाहीत. खालून चढणाऱ्या गाड्यांना वाट देत, खाली धोमचे पाणी अधूनमधून दिसत, आम्ही घरी आलो. वाटेत कोणी फारसे बोलले नाही.

फियाटच्या नावाने आपल्याकडे होणारी विक्री 2020 उजाडण्याआधीच थांबली, त्यामुळे क्लचचे सामान मिळायला मेकॅनिकला तीन आठवडे लागले. मग एका पहाटे आम्ही दोघे गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर गेलो. आता मास्तर उजवीकडे, मी डावीकडे. पेडल लोण्यासारखे हलके झाले होते. त्याने दोन चकरा मारल्या आणि त्याच्या तोंडावर आलेले हसू मी शाळेनंतर पहिल्यांदा पाहिले.

मग त्याने स्वतःच परीक्षा मांडली. पहिला गिअर टाकायचा, क्लच तळापर्यंत दाबून धरायचा आणि तीस आकडे मोजायचे. असे दहा वेळा. खरे तर थांबल्यावर न्यूट्रल करून पाय मोकळा करावा. पण बाजाराच्या गर्दीत दर चार पावलांवर थांबताना ते नेहमी जमत नाही, हे आपण सगळे जाणतो. मी आकडे मोजले. सात वेळा पाय जागचा हलला नाही. तीन वेळा तीस होण्याआधीच पेडल वर आले आणि गाडीने झटका दिला.

मी म्हणालो, "दहापैकी सात. पास झालास की."

"वर्गात पास," मास्तर म्हणाला. "रस्त्यावर नापास." त्याने इंजिन बंद केले आणि हँडब्रेक ओढला. "क्लच जड होता हे खरं. पाय दुबळा आहे हेही खरं. दोन्ही अज्ञात निघाले." आणि किल्ली माझ्या हातात दिली.

मित्रहो, उताराकडे लागलेल्या वयात आपण सगळेच गाडीला, रस्त्याला, चष्म्याला, समोरच्या पोरांना दोष देत असतो. पुष्कळदा तो दोष खराही असतो. गाडी तपासून घ्याच. पेडल जड झाले असेल, पकड वर आली असेल, काटा पळून गाडी मागे राहत असेल, तर मेकॅनिककडे जा. पण गाडी दुरुस्त झाल्यावर एका मोकळ्या मैदानात जाऊन स्वतःलाही तपासा. बरोबर एखादा मित्र असावा, आणि त्याने आकडे खरे मोजावेत.

मास्तरने गाडी विकलेली नाही. दिवाळीनंतर गुडघ्याची शस्त्रक्रिया करायचे ठरले आहे. पुढे गाडी चालवायची की नाही, ते डॉक्टर आणि मैदान ठरवतील. तोवर उभी राहून गाडी खराब होऊ नये म्हणून दर रविवारी मी वाईला जातो. मास्तर डावीकडे बसतो. गिअर बदलताना मला थोडा जरी उशीर झाला, तर त्याचा पाय मॅटवर माझ्या आधी पडतो आणि मग तो म्हणतो, "कवी, कान कुठं आहे तुझा?"