पट्टकृमीचे औषध : विचारूनच घ्या



जंतनाशक दिनाला आपल्या गोंदिया जिल्ह्यातही शाळा-अंगणवाडीत मिळते ती अल्बेंडाझोलची गोळी. ती गोल जंतांवर चांगली. पण तिच्या एका मात्रेने पट्टकृमी, म्हणजे फितीसारखा लांब चपटा जंत, पडेलच असे नाही. त्याला प्राझिक्वांटेल किंवा निक्लोसामाइड लागते. निक्लोसामाइड आतड्यातच काम करते. प्राझिक्वांटेल रक्तात उतरते.

डुकराच्या मांसातून येणाऱ्या पट्टकृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून पडतात. ती हाताला, भाजीला लागून पोटात गेली, तर शाकाहारी माणसाच्याही मेंदूत गाठी होऊन झटके येतात. अशाने प्राझिक्वांटेल घेतले, तर मेंदूला सूज चढू शकते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच : घरात कुणाला कधी झटके आले असतील, तर डॉक्टरांना आधी सांगा, दुकानातून परस्पर गोळी आणू नका. आणि उसाच्या आडोशाला बसणे सोडा, संडास वापरा.